अर्जेंटिनाचा भाव अर्जेंटिनासाठी

‘फाइलच तर आहे. अर्जेंटिनातून घेतली काय नि अंबरनाथमधून घेतली काय, कंपनीचा खर्च तेवढाच. मग आपला देश लपवणारं व्हीपीएन लावून स्वस्तात घेतली तर कुणाचं काय बिघडलं?’ गेम खेळणाऱ्या पोरांच्या तोंडून हे इतक्या खात्रीनं ऐकू येतं की नाही म्हणणाराच अडाणी ठरतो. पण हे साफ चूक आहे, आणि त्याचा भुर्दंड कुणाला बसला तेही माहीत आहे.

आधी भाव ठरतो कसा ते बघू. स्टीम हे व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान, पण तिथल्या गेमचा भाव त्या गेमचा प्रकाशक ठरवतो. व्हॉल्व्ह फक्त सुचवते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिनं सुधारित भाव सुचवले, तेव्हा त्यात चलनाच्या दराबरोबर त्या देशातली क्रयशक्ती आणि महागाईही धरल्याचं सांगितलं होतं. ‘स्टारड्यू व्हॅली’ घ्या. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चार वर्षांहून जास्त काळ खपून केलेला गेम. अमेरिकेत १४.९९ डॉलर, भारतात ४८० रुपयांच्या घरात. डॉलर ८५ रुपये धरला तर तिकडचं गिऱ्हाईक पावणेतेराशे रुपये मोजतं. दुकानाचा नेहमीचा वाटा ३० टक्के धरू. कर बाजूला ठेवले तर आपल्या खरेदीतून उरतात ३३६ रुपये, अमेरिकेतल्या खरेदीतून ८९० च्या आसपास. तरीही हा व्यवहार परवडतो, कारण पावणेतेराशेला इथल्या कॉलेजच्या बहुतेक पोरांनी तो गेम घेतलाच नसता. फाइलची नक्कल फुकट होते हे खरं, पण ती चार वर्षं फुकट नव्हती. ती जगभरच्या गिऱ्हाइकांकडून, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे वसूल होतात.

हे गणित एकाच अटीवर टिकतं: स्वस्त भाव ज्याच्यासाठी लावला त्यालाच मिळाला पाहिजे. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात ही अट मोडली. पेसो आणि लिरा घसरत गेले, तिथले भाव डॉलरमध्ये चिल्लर झाले आणि जगभरचे लोक खोटा पत्ता लावून तिथे खरेदीला घुसले. काही प्रकाशकांनी वैतागून या दोन देशांतले भाव वाढवले. २० नोव्हेंबर २०२३ ला स्टीमनं पेसो आणि लिरा दोन्ही बंद करून तिथे डॉलरमध्ये विक्री सुरू केली. व्हॉल्व्हनं अधिकृत कारण दिलं ते चलनाच्या अस्थिरतेचं, आणि ते खोटं नाही. त्या वर्षी अर्जेंटिनात महागाई २०० टक्क्यांच्या वर गेली होती. या भागांसाठी प्रकाशकांना वेगळा, कमी भाव लावता येतो. ज्यांनी लावला नाही त्यांचे गेम थेट अमेरिकेच्या भावात गेले. आता सांगा, बिघडलं कुणाचं? व्हीपीएनवाला दुसरा देश शोधायला मोकळा. ब्युनोस आयर्समध्ये राहणारा, पेसोत पगार घेणारा मुलगा कुठे जाणार?

यावर हमखास उत्तर येतं ते पुस्तकांचं. इंजिनिअरिंगची पातळ कागदावरची स्वस्त भारतीय आवृत्ती आपण सगळ्यांनी वापरली आहे. थायलंडच्या एका विद्यार्थ्यानं अशाच आशियाई आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकल्या, प्रकाशक कोर्टात गेला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्याच्या बाजूनं निकाल दिला. बरोबर. पण तो निकाल विकत घेतलेल्या छापील प्रतीबद्दल आहे. स्टीमवर प्रत मिळत नाही, परवाना मिळतो. पैसे भरताना पडद्यावर आता तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, जरा वाचा. आणि राहण्याचं ठिकाण लपवायचं नाही, ही अट खातं उघडताना तुम्हीच मान्य केलेली असते. देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो, तोही तिथल्याच कार्डानं किंवा पैसे भरण्याच्या तिथल्या साधनानं खरेदी करून.

मग जुना गेम विकता आलाच पाहिजे, युरोपात तसा निकाल लागलाय म्हणे! लागला होता, २०१९ मध्ये, पॅरिसच्या न्यायालयात. २०२२ मध्ये अपिलात तो उलटला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं अपिलाचाच निकाल कायम ठेवला. २०१९ ची अर्धी बातमी अजून फिरते आहे. मला स्वतःला वाटतं, पैसे मोजणाऱ्याला आपला गेम दुसऱ्याला देता यायला हवा. पण हवा म्हणजे आहे असं नव्हे.

‘युरोपनं प्रादेशिक भावच बेकायदा ठरवले’ हेही अर्धवट. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगानं व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरो दंड केला, तो पोलंड, चेकिया, हंगेरी वगैरे देशांत विकलेल्या ‘की’, म्हणजे गेम सुरू करायचे कोड, इतर देशांत चालू नयेत म्हणून कुलूपबंद केल्याबद्दल. बाजार एक आहे म्हणायचं आणि आत भिंती घालायच्या, हे खरोखर अन्यायाचंच होतं. भारताचा भाव वेगळा ठेवण्याशी त्याचा संबंध नाही.

या की अनधिकृत बाजारातही मिळतात, त्यावर ऐकू येतं: ‘ग्रे मार्केटमधल्या की म्हणजे घाऊक खरेदीतला स्वस्त माल.’ काही असतीलही. पण ‘फॅक्टोरिओ’ या गेमच्या १९८ चोरीच्या की जीटूए या बाजारपेठेवर विकल्या गेल्याचं २०२० मध्ये तिनंच मान्य केलं आणि निर्मात्यांना सुमारे ३९,६०० डॉलर दिले. चोरलेल्या कार्डानं घेतलेली की असली तर बँक पैसे परत ओढते, आणि वर दंड गेमवाल्याला.

आणखी एक समज: ‘प्रादेशिक भाव म्हणजे आपल्याकडे स्वस्तच.’ नाही. कित्येक मोठे प्रकाशक डॉलरला सरळ रुपयानं गुणतात, आणि पोलंडमधले गेमर तर झ्लॉटीतला भाव युरोपेक्षा महाग पडतो म्हणून ओरडत आले आहेत. ओरडायची जागा तीच आहे, कारण तिथे चूक प्रकाशकाची असते.

‘अमेरिकेतल्या मावसभावाला इथून गिफ्ट पाठवू.’ भावात मोठी तफावत असली की स्टीम पाठवू देत नाही.

आणि शेवटची भीती: ‘घेतला आणि नाही आवडला, तर पैसे बुडाले.’ घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत करते, कारण काहीही असो. ही सोय स्टीमवर घेतलेल्या गेमला आहे, बाहेरून आणलेल्या कीला नाही.