अंतर कमी, पण झीज अधिक

पनवेल शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या नेरे परिसरात आता शेतांशेजारी निवासी इमारती उभ्या राहिल्या आहेत. येथे घर घेणाऱ्याची पुढची मोठी खरेदी बहुधा मोटारीची असते. सकाळी पनवेल स्थानक गाठायचे, गाडी वाहनतळावर ठेवून लोकल पकडायची आणि रात्री परतायचे. गाडी फारशी धावतच नाही, तेव्हा देखभालीचा खर्चही नगण्य, असा समज त्यामुळे होतो. प्रत्यक्षात स्थिती उलट आहे.

इंजिन थंड असताना त्याची झीज अधिक होते. इंजिनाभोवतीचे पाणी काही मिनिटांत तापते. मात्र ऑइल पूर्ण तापण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणारी वाफ थंड इंजिनात पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते. न जळलेल्या पेट्रोलचा अंशही त्यात उतरतो. लांबच्या प्रवासात हे दोन्ही उडून जातात. रोजच्या पंधरा मिनिटांच्या फेरीत मात्र ते साचत राहतात व ऑइलचा दर्जा खालावतो. गाडी सुरू करताना खर्च झालेली बॅटरीची शक्तीही एवढ्या वेळात पुरती भरून निघत नाही. पावसाळ्यात दिवे, वायपर आणि वातानुकूलन एकाच वेळी सुरू असल्याने हा ताण वाढतो.

कोणती गाडी घ्यावी?

अशा वापरासाठी डिझेल गाडी टाळणेच श्रेयस्कर. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'भारत स्टेज-६' निकषांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ही काजळी जळून जाण्यासाठी गाडी सलग काही वेळ वेगात धावावी लागते. ते न झाल्यास गाळणी तुंबते आणि तिची दुरुस्ती महागात पडते. पेट्रोल गाडी त्यामानाने सोयीची. सोसायटीत स्वतःच्या जागेवर चार्जिंगची सोय होणार असेल, तर विजेवरील गाडीचाही विचार करावा. तिला इंजिन ऑइलच नसल्याने वरील प्रश्न उद्भवत नाहीत.

किलोमीटर नव्हे, कॅलेंडर पाहा

रोज सोळा किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर वर्षाकाठी गाडी जेमतेम पाच हजार किलोमीटर धावते. 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष' या नियमातील केवळ पहिला भाग वाचणारा ग्राहक दोन वर्षे ऑइल बदलत नाही. या नियमात 'यांपैकी जे आधी येईल ते' हे शब्द महत्त्वाचे. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत वारंवार होणाऱ्या छोट्या फेऱ्यांची गणना खडतर वापरात केलेली असते. त्यासाठी दिलेले वेगळे वेळापत्रक पाहावे.

सकाळी गाडी जागेवरच सुरू ठेवून तापवण्याची गरज नाही; पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवावी. आठवड्यातून एकदा द्रुतगती मार्गावर किंवा महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग फेरी मारावी. टायरमधील हवा महिन्यातून दोनदा तपासावी. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असल्यास सपाट जागी ती गिअरमध्ये ठेवून चाकांना अडसर लावावा. हँडब्रेक ओढून ठेवल्यास तो चिकटण्याचा संभव असतो.

हप्ते पाच-सात वर्षे चालतात. गाडीही त्यानंतर सुस्थितीत राहावी, असे वाटत असेल तर तिला अधूनमधून मनसोक्त धावू देणे, हीच तिची खरी निगा.