वेंगुर्ला रोडच्या टोकाला

हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण सगळेच 'वेंगुर्ला रोड' म्हणतो. बसच्या पाटीवर, दुकानांच्या फलकांवर, पत्रिकेवरच्या पत्त्यात हे नाव असते. पण ज्या गावावरून हे नाव पडले ते गाव आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? आमच्या घरी चौघांपैकी कुणीच पाहिले नव्हते. म्हणून एका रविवारी आम्ही हा रस्ता शेवटपर्यंत जायचे ठरवले.

हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोली गाठायची, घाट उतरायचा आणि सावंतवाडीवरून वेंगुर्ला. सुमारे १२० किलोमीटरचा हा प्रवास आहे. पहाटे सहाला निघाले तर न्याहारीसाठी थांबूनही साडेनऊ-दहापर्यंत बंदरावर पोचता येते. आंबोलीला धुके असले तर अर्धा तास जास्त धरावा.

रस्त्याला हे नाव उगीच पडलेले नाही. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचे बंदर वेंगुर्ला हेच होते. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी बैलगाड्यांनी वर यायची आणि वरून कापूस खाली जायचा. आधी वाहतूक रामघाटाने होत असे, पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोली-पारपोलीचा रस्ता झाला. सावंतवाडी संस्थानाकडून १८१२ मध्ये वेंगुर्ला इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यानंतर बेळगावच्या छावणीसाठी गोरे सैनिक आणि त्यांचे सामान याच बंदरात उतरू लागले. वेंगुर्ल्यातही 'कॅम्प' नावाचा भाग आहे. ते ऐकून आमच्या मुलांना फार गंमत वाटली, कारण त्यांच्या मते कॅम्प म्हणजे बेळगावचाच!

मग हे बंदर मागे का पडले? इथे पाणी उथळ आहे. मोठे जहाज धक्क्याला लागत नसे, ते दूर नांगर टाकून उभे राही आणि माल होड्यांतून किनाऱ्यावर आणावा लागे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा सुटला की सगळेच बंद. त्यातून पुढे घाट चढायचा. अशात १८८८ मध्ये मुरगाव बंदरातून निघालेला लोहमार्ग कॅसलरॉकजवळ घाटमाथ्यावरच्या रेल्वेला जोडला गेला. आता माल डब्यात भरला की थेट बंदरात. तिथे बैलगाडीचा काय पाड लागणार? काही वर्षांतच बेळगावचा व्यापार त्या बाजूला वळला. आपल्या रस्त्याचे नाव तेवढे राहिले.

त्याआधीचा इतिहासही रंजक आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीच्या काळात डचांनी इथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ही जागा त्यांना सोयीची होती. मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद इथूनच मिळे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची हकिगत इथल्या अब्राहम ल फेबर या डच अधिकाऱ्याने १६७४ मध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पत्राने कळवली होती. त्या वखारीची पडकी इमारत गावात आजही उभी आहे. भिंतींवर झाडे वाढली आहेत आणि आत शिरणे धोक्याचे वाटते, तेव्हा बाहेरूनच पाहावी. एवढी जुनी वास्तू या अवस्थेत पाहताना वाईट वाटते.

आता आमची चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शंख, छोटे मासे दाखवीन असे मी मुलांना कबूल केले होते. दहाच्या सुमारास पोचलो तर पाणी चढत होते. तीन वाजेपर्यंत ते चढतच राहिले. खडक पाण्याखाली आणि मुले रुसलेली! जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारले, "आज तिथी कोणती?" मला सांगता येईना. कॅलेंडर पाहिले तर चतुर्थी होती. ते हसून म्हणाले, "मग भरती तीनलाच येतली."

त्यांचे गणित असे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही पुन्हा एकपासूनच मोजायचे. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे जाते, म्हणून हे पाऊणपटीचे गणित जमते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, त्याला 'उधाण' म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो, तो 'भांग'. उधाणाला मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, वेंगुर्ल्याकडे मात्र दोन मीटरच्या आसपासच.

म्हणजे दिवसाच्या सहलीला द्वादशी-त्रयोदशी उत्तम. सकाळी नऊ-पावणेदहाला भरती, दुपारी साडेतीन-चारला ओहोटी. पाचवी ते सातवीच्या मुलांनी येत्या महिन्याचा तक्ता जरूर करून पाहावा. पालकांनी मात्र पोहण्यासाठी या गणितावर विसंबू नये. खाडीच्या मुखाशी ओहोटीची ओढ जबर असते. पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या लोकांना विचारावे.

बंदरावर बघण्यासारखे पुष्कळ आहे. टेकडीवर दीपगृह आहे आणि खाडीवर नवा झुलता पूल झाला आहे. वायव्येला दूर समुद्रात 'वेंगुर्ला रॉक्स' नावाची खडकाळ बेटे आहेत. तिथल्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. परदेशात ही घरटी खाल्ली जातात, त्यामुळे त्यांची चोरी होत असे. आता त्या पाखरांना कायद्याचे संरक्षण आहे.

पण आमच्या मुलांना सर्वांत आवडली ती रापण. होडीतून लांबच लांब जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकतात आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. परवानगी घेऊन आम्हीही दोराला हात लावला. तळहात लाल झाले, वर आले थोडे बांगडे आणि बरीचशी तारली. आलेल्या मासळीचे ओढणाऱ्यांत वाटे होतात. काका सांगत होते, पूर्वी रापण भरून यायची. यांत्रिक पर्ससीन नौका खोल पाण्यातच मासळीचे थवे घेरतात, मग किनाऱ्याला काय येणार? महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी हा वाद मिटलेला नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा त्या दोन महिन्यांत बंदर पाहायला जाण्यात अर्थ नाही.

निघताना दोन बांगडे जास्तच मिळाले. काकू म्हणाल्या, "पोरांनी ओढल्यान, त्यांचो वाटो." बर्फात घालून ते बेळगावला आणले आणि रात्री साडेनऊला तव्यावर पडले.