नोंदवहीतील तास आणि रस्त्यावरील तास

मालमोटारीचा चालक दिवसभरात किती तास गाडी चालवीत होता, हे त्याच्याखेरीज कोण सांगू शकेल? कारखान्यातील कामगारासाठी भोंगा वाजतो, कचेरीत हजेरीपट असतो. चालकाचे कामाचे ठिकाण मात्र सतत पुढे सरकत असते. थकलेल्या चालकाच्या हातून होणारे अपघात टाळावयाचे तर कामाच्या तासांना मर्यादा हवी, आणि मर्यादा पाळली जाते की नाही हे पाहावयाचे तर नोंद हवी. अमेरिकेत ही नोंद अनेक दशके चालक स्वतःच्या हाताने कागदावर करीत. १८ डिसेंबर २०१७ पासून बहुतेक आंतरराज्य वाहतुकीत ती यंत्राकडे सोपविण्यात आली. त्यानंतरचा चालकांचा अनुभव, नोंद आणि वस्तुस्थिती यांचा संबंध ज्यांना रोज येतो अशा सर्वांनी जाणून घ्यावा असा आहे.

अमेरिकेत १९३५ च्या मोटार वाहतूक कायद्याने चालकांचे तास ठरविण्याचा अधिकार केंद्रीय यंत्रणेस मिळाला. आजच्या नियमांनुसार मालवाहू चालकास सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर ११ तास गाडी चालविता येते. तथापि, कामावर रुजू झाल्यापासून १४ तास उलटले की ११ तास पुरे झालेले असोत वा नसोत, गाडी चालविणे थांबवावे लागते. कामाचे एकूण तास आठ दिवसांत ७० (रोज वाहतूक न करणाऱ्या संस्थांत सात दिवसांत ६०) भरले, तरीही तसेच.

कागदी नोंदवहीचे पान साधे होते. चोवीस तासांचे चोवीस रकाने आणि चार आडव्या ओळी: कामावर नाही, गाडीतील बिछान्यावर, गाडी चालविताना आणि कामावर परंतु गाडी न चालविता. दिवस जसा जाईल तशी चालक पट्टीने रेघ ओढी. चालक आपसांत या वहीला गमतीने चित्रकथेचे पुस्तक म्हणत, यातच सर्व आले. कोणी रेघ रात्री एकदाच ओढी, कोणी तपासणी नाका जवळ आला की घाईघाईने पूर्ण करी. दोन वह्या बाळगणारेही होते. त्यात लबाडी होती हे खरेच. पण ती केवळ चालकाची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. लांब पल्ल्याच्या चालकास तेथे बहुधा मैलावर मोबदला मिळतो. गाडी थांबली की कमाई थांबते, आणि गाडी थांबविणारे दुसरेच असतात.

यंत्र काय करते?

नवे नोंदयंत्र इंजिनाशी जोडलेले असते. गाडीचा वेग ताशी ५ मैलांपुढे, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरपुढे गेला की ते 'गाडी चालविताना' या ओळीवर आपोआप नोंद सुरू करते. गाडी पाच मिनिटे स्थिर राहिल्यास ते चालकास विचारते आणि मिनिटभरात उत्तर न आल्यास त्यास 'कामावर परंतु गाडी न चालविता' या ओळीवर टाकते. नोंदीत दुरुस्ती करता येते, पण मूळ नोंद पुसली जात नाही; आणि यंत्राने स्वतः टिपलेली चालविण्याची वेळ कोणासही कमी करता येत नाही.

हे यंत्र सहजासहजी आलेले नाही. यासंबंधीचा आधीचा नियम २०११ मध्ये संघीय अपील न्यायालयाने रद्द ठरविला होता. यंत्राचा उपयोग करून मालकांनी चालकांचा छळ करू नये यासाठी पुरेशी तरतूद नाही, असा आक्षेप मालक-चालकांच्या संघटनेने घेतला होता आणि न्यायालयाने तो मान्य केला. पुढे २०१२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायद्यानेच यंत्र सक्तीचे केले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये छळास मनाई करणाऱ्या तरतुदीसह नवा नियम निघाला. संघटना पुन्हा न्यायालयात गेली. या वेळी मात्र नियम टिकला.

अनेक चालकांना यंत्राचा फायदाही झाला. हिशेब जुळविण्याची कटकट संपली, तपासणी लवकर आटोपू लागली. 'आणखी दोन तास रेट' असे फर्माविणाऱ्या व्यवस्थापकास दाखविण्यासाठी चालकाच्या हाती पुरावा आला. पण लवकरच दुसरी बाजू पुढे आली.

सन २०१८ मधील एका दिवसाचे उदाहरण घेऊ. चालक सकाळी सहा वाजता निघून आठ वाजता गोदामाशी पोहोचतो. तेथे फलाट मोकळा नाही. माल भरून होईतो दुपारचा एक वाजतो. त्याचे १४ तास रात्री आठ वाजता संपणार. म्हणजे उरलेले सात आणि सकाळचे दोन, असे नऊच तास त्यास चालविता येतील. ११ पैकी दोन तासांची मजुरी गोदामाच्या दारात गेली. कागदावर तो आपला दिवस अकरा वाजता सुरू झाला असे दाखवून ही तूट भरून काढीत असे. यंत्रापुढे तसे चालत नाही. मग रात्री आठच्या आत मुक्काम गाठण्यासाठी वेग वाढतो. मुक्कामाच्या ठिकाणी गाडी उभी करण्यास जागा मिळत नाही, आणि जागा शोधतानाही घड्याळ चालूच असते. ज्या २०१२ च्या कायद्याने यंत्र आणले, त्याच कायद्यात मालमोटारींच्या थांब्यांची टंचाई तपासण्याची तरतूद होती, हा योगायोग बोलका आहे. यंत्र पाच वर्षांत आले. थांबे अद्याप अपुरे आहेत.

अमेरिकी परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी जानेवारी २०१८ च्या अहवालात असा अंदाज दिला की, माल चढविण्या-उतरविण्याच्या ठिकाणचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला तर अपघातांचे प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते. सन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विद्यापीठीय अभ्यासात आढळले की, सक्तीनंतर तासांच्या नियमांचा भंग कमी झाला, अपघात मात्र कमी झाल्याचे दिसले नाही. आणि लहान वाहतूकदारांच्या चालकांत अतिवेगासारखे धोकादायक प्रकार वाढले. मोठ्या कंपन्यांत पूर्वीपासूनच अशी यंत्रे होती. नवा भार पडला तो एक-दोन गाड्यांच्या मालकांवर. समाजशास्त्रज्ञ कॅरेन लेव्ही यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात याचे कारण नेमके सांगितले आहे: चालक नियम मोडीत ते मोबदल्याच्या पद्धतीमुळे, आणि पाळत वाढविल्याने ती पद्धत बदलली नाही.

शासनाने काही प्रमाणात ऐकले. सप्टेंबर २०२० पासून नियम थोडे शिथिल झाले. विश्रांतीचे १० तास दोन भागांत घेता येतात. एक भाग बिछान्यावरील किमान सात तासांचा आणि दुसरा किमान दोन तासांचा असेल, तर दोन्ही भाग १४ तासांत मोजले जात नाहीत. गोदामाशी जबाबदारीतून मोकळ्या असलेल्या चालकाची प्रतीक्षा अशी थोडीफार उपयोगी पडते. त्या प्रतीक्षेचा मोबदला कोणी द्यावा, हा प्रश्न मात्र नियमाने हाताळलेला नाही.

आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची, आणि लांब पल्ल्यासाठी अनुक्रमे १० व ५४ तासांची मर्यादा घातली होती. तो पाच किंवा अधिक कामगारांच्या उपक्रमांसाठी होता. एका गाडीचा मालक-चालक त्याबाहेरच राहिला. न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवर किंवा बाजार समितीच्या आवाराबाहेर मालमोटारींची रांग ज्याने पाहिली आहे, त्यास गोदामाच्या दारातील ते पाच तास निराळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

कागद अमेरिकेतही अगदीच हद्दपार झालेला नाही. सन २००० पूर्वीच्या इंजिनांच्या गाड्यांना आणि तीस दिवसांत आठाहून अधिक दिवस नोंद ठेवावी न लागणाऱ्या चालकांना यंत्राची सक्ती नाही. यंत्र बिघडल्यास मालकाने ते आठ दिवसांत दुरुस्त करावयाचे असते आणि तोवर चालकाने हाताने नोंद ठेवावयाची असते. त्यासाठी किमान आठ दिवस पुरतील इतकी चार ओळींची कोरी पाने यंत्र असलेल्या प्रत्येक गाडीत बाळगावीत, असा नियमच आहे.