कायदेशीर जुगार : तिजोरीला लाभ, प्रकृतीचे काय?

जुगार हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरला जुगार निरनिराळ्या वेषांत भेटत असतो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, आम्लपित्त हटत नाही, रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही, अशा तक्रारी घेऊन पन्नाशीचे गृहस्थ येतात. रक्त, लघवी, कार्डिओग्राम सगळे ठीक निघते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांची पत्नी मागे थांबते आणि हळूच सांगते, "डॉक्टरसाहेब, यांचा आकड्याचा नाद काही सुटत नाही. माझ्या पाटल्यासुद्धा सोनाराकडे गेल्या." मग झोप का लागत नाही याचा उलगडा होतो.

हा झाला चोरून चालणारा जुगार. पण एखाद्या देशाने रीतसर कायदा करून, परवाना देऊन, कर लावून कॅसिनो उघडायचे ठरवले तर काय होते? यावर जगभर वाद झडतात. एक पक्ष पर्यटक, रोजगार आणि महसूल यांचे आकडे मांडतो. दुसरा पक्ष नीतीचा प्रश्न उभा करतो. दोघांच्या भांडणात रोग्याकडे लक्ष जाते ते शेवटी. म्हणून सिंगापूरचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. त्या देशाने हा वाद उघडपणे केला, निर्णय घेतला आणि त्याचे बरेवाईट परिणाम मोजत राहिला.

सिंगापूरचा निर्णय

सिंगापूरमध्ये पूर्वी जुगार नव्हता असे मुळीच नाही. सरकारी लॉटरी होती, घोड्यांच्या शर्यती होत्या. शेजारच्या मलेशियात गेंटिंगच्या डोंगरावर कॅसिनो होताच. मात्र आपल्या भूमीवर कॅसिनो नको, असे ज्येष्ठ नेते ली क्वान यू यांचे अनेक वर्षे ठाम मत होते. पुढे त्यांनी ते बदलले. त्यांचे चिरंजीव, तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी एप्रिल २००५ मध्ये संसदेत दोन कॅसिनोंना परवानगी देण्याचा निर्णय जाहीर केला. विरोधही बराच झाला. हजारो नागरिकांनी निवेदनावर सह्या केल्या, धार्मिक संस्थांनी नापसंती कळवली. २०१० मध्ये सेंटोसा बेटावरचा आणि मरीना बे येथला असे दोन्ही कॅसिनो सुरू झाले. हॉटेले, सभागृहे, दुकाने, करमणुकीची ठिकाणे असा मोठा पसारा आणि त्यात जागेच्या मानाने छोटा कॅसिनो, अशी रचना होती.

तिजोरीच्या दृष्टीने निर्णय फळला, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००९ मध्ये त्या देशात सुमारे ९७ लाख परदेशी पाहुणे आले होते. २०१० मध्ये ही संख्या १ कोटी १६ लाखांवर गेली आणि २०१३ मध्ये दीड कोटीच्या पुढे. सगळेच काही पत्ते खेळायला आले नव्हते, पण हॉटेलचालक, टॅक्सीवाले, स्वयंपाकी, सफाई कामगार अशा हजारोंना काम मिळाले. काम असलेल्या माणसाची प्रकृती बेकारापेक्षा चांगली राहते, हेही डॉक्टर म्हणून मला मान्य करावे लागते.

चाकाचे गणित आणि मेंदूची गफलत

आता दुसरी बाजू. कॅसिनोत कोणी फसवत नाही, सगळे यंत्रावर आणि नियमाने चालते, असे सांगतात. ते खरेही आहे. फसवण्याची गरजच नसते. रूले नावाच्या खेळाचे युरोपीय पद्धतीचे चाक घ्या. त्यावर शून्य धरून ३७ घरे असतात. आपला आकडा लागला तर रुपयाला ३५ रुपये मिळतात आणि लावलेला रुपया परत येतो, म्हणजे हाती ३६. समजा आपण प्रत्येक घरावर एकेक रुपया लावला. खिशातून ३७ गेले, हाती ३६ आले. एक रुपया मालकाचा. अमेरिकी चाकावर दोन शून्ये असल्याने घरे ३८ आणि मालकाचे दोन रुपये. एका फेरीत हे नुकसान क्षुल्लक वाटते, पण चाक रात्रभर फिरत असते.

आकडेमोड कळणारा माणूसही यात का अडकतो? कारण हा हिशेब बुद्धीचा आहे आणि ओढ असते मेंदूच्या दुसऱ्या भागाची. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद होताच कबुतर लवकर थांबते. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असे असेल तर ते चोच मारतच राहते. स्लॉट मशीनपुढे बसलेल्या माणसाची गत अशीच असते. त्यातही तीनपैकी दोन चित्रे जुळली आणि तिसरे थोडक्यात हुकले, की ती हारच असते. पण मेंदूच्या चित्रणात असे दिसले आहे की अशा हुकलेल्या डावाने जिंकल्यासारखीच केंद्रे उद्दीपित होतात. "अगदी थोडक्यात गेला हो!" असे आपला मटकेवाला म्हणतो ते याच पोटी.

यातून ज्याला व्यसन जडते त्याला आता वैद्यकशास्त्र वाईट चालीचा माणूस म्हणत नाही. १९८० मध्येच अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी जुगाराच्या अनिवार ओढीला रोगाचा दर्जा दिला. २०१३ मध्ये त्यांनी हा विकार दारू आणि अफूच्या व्यसनांच्या पंक्तीत नेऊन बसवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीतही तो आहे. सत्यवचनी धर्मराजालासुद्धा द्यूताच्या पटावरून उठता आले नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी आपण जुगाऱ्याला फक्त दोष देतो.

या विकारात हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी माणूस पुन्हा खेळतो, तेवढीच धुंदी येण्यासाठी दर वेळी रक्कम वाढवतो, थांबवले तर चिडचिडा आणि अस्वस्थ होतो. जोडीला दारू, सिगारेट, जागरण आणि खिन्नता येते. यातला सर्वांत गंभीर धोका आत्महत्येचा. स्वीडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जुगाराचा विकार असल्याचे निदान झालेल्या रुग्णांत आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे १५ पट आढळले. कर्ज कोणाला कळू नये म्हणून माणूस एकटा पडत जातो आणि एके दिवशी सावकार दारात उभा राहतो. तो दिवस फार धोक्याचा.

कुंपण कसे घातले

सिंगापूरने कॅसिनो उघडण्याआधीच, २००५ मध्ये, जुगाराच्या व्यसनासाठी राष्ट्रीय परिषद नेमली आणि व्यसनोपचाराची सोय वाढवली. नागरिकांना व कायम रहिवाशांना आत जायला एका दिवसासाठी १०० सिंगापूर डॉलर प्रवेशशुल्क ठेवले. २०१९ मध्ये ते १५० केले, म्हणजे आजच्या दराने नऊ-दहा हजार रुपये. एक डावही न खेळता एवढे द्यायचे! २१ वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही. कॅसिनोच्या आत पैसे काढण्याचे एटीएम नाही. दिवाळखोर ठरलेल्यांना आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना कायद्यानेच मज्जाव.

पण मला यातली सर्वांत चांगली तरतूद वाटते ती कुटुंबाच्या अर्जाची. पत्नी, पती, आईवडील, मुले किंवा भावंडे अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोची बंदी करवून घेऊ शकतात. त्या माणसाचे म्हणणेही ऐकून घेतले जाते. आपल्याकडच्या किती माउलींना असा एक कागद हवा असेल! ज्याला स्वतःची भीती वाटते तो स्वतःवरही बंदी घालून घेऊ शकतो.

परिणाम काय झाला? २००५ च्या पाहणीत, म्हणजे कॅसिनो येण्याआधी, जुगाराची समस्या असलेल्यांचे प्रमाण सुमारे ४.१ टक्के होते. कॅसिनो सुरू झाल्यावर २०११ मध्ये ते २.६ आणि २०२० मध्ये १.२ टक्के आढळले. म्हणजे कॅसिनो आले आणि व्यसनी कमी झाले? इतका सोपा निष्कर्ष काढू नये. विचारणाऱ्याला जुगारी खरे सांगतोच असे नाही. तरीही कॅसिनोला विरोध करणाऱ्यांनी हे आकडे दडवू नयेत. व्यसन तिथे आधीपासून होते आणि सरकारने त्याकडे लक्ष दिल्यावर ते आटोक्यात आले, एवढे म्हणायला हरकत नाही.

मात्र या कुंपणाला एक मोठे भगदाड आहे. प्रवेशशुल्क फक्त तिथल्या लोकांना. परदेशी माणसाला दार फुकट उघडे, आणि परदेशी माणूस म्हणजे केवळ धनिक पर्यटक नव्हे. इमारतींच्या बांधकामावर राबणारे भारतीय आणि बांगलादेशी मजूरही परदेशीच. महिन्याचा पगार घरी पाठवण्याआधी तिथे गेला तर अडवणारी बायको हजारो मैल दूर. अनेक परदेशी कामगारांनी पुढे स्वतःच अर्ज करून आपले नाव बंदीच्या यादीत घातले. त्यांचे शहाणपण खरेच, पण अशी वेळ त्यांच्यावर का यावी?

कुंपण अपुरे पडले तर काय होते ते दक्षिण कोरियात दिसले. तिथे बाकीच्या कॅसिनोंत देशवासीयांना प्रवेश नाही. कोळशाच्या खाणी बंद पडून ओस झालेल्या डोंगरी भागाला जीवदान म्हणून १९९५ मध्ये खास कायदा झाला आणि २००० मध्ये कोरियन लोकांना खुला असा एकमेव कॅसिनो तिथे निघाला. रोजगार आला. त्याचबरोबर गावात तारण ठेवून पैसे देणाऱ्यांची दुकाने आली आणि त्यांच्या दारात खेळणाऱ्यांच्या गहाण मोटारी उभ्या राहू लागल्या. पुढे प्रवेशाचे दिवस मर्यादित करावे लागले.

आपल्या दाराशी

हे सगळे दूरदेशीचे वाटेल, पण महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही. अधूनमधून कोणीतरी त्याची आठवण काढी, अखेर २०२३ मध्ये तो रद्द झाला. माझ्या मते ते बरे झाले. तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ मिळत नाही, व्यसनमुक्तीच्या खाटा मोजक्या आणि त्याही दारूच्या रुग्णांना पुरत नाहीत. आधी उपचार आणि मग परवाना, हा सिंगापूरचा क्रम आपल्याला आज झेपणारा नाही. कायदेशीर कॅसिनोने मटका बंद होईल हा युक्तिवादही मला पटत नाही. टपरीवर दहा-वीस रुपये लावणारा मजूर झुंबरे लावलेल्या दालनात कशाला जाईल? तो टपरीवरच राहील.

गोव्याने मात्र १९९२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मोकळी केली. पुढे मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे. चांगली गोष्ट आहे. पण सावंतवाडी, कोल्हापूर, बेळगावहून शनिवारी निघणारा माणूस त्या बंदीत बसत नाही. सिंगापुरातल्या मजुरासारखा तोही कुंपणाबाहेरचाच. आणि मोबाइलवरच्या खेळांना तर दार नसतेच, शुल्क घेणार कुठे? पैसे लावून खेळायच्या या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला, तरी चोरवाटा शोधणारे शोधतात.

तेव्हा घरच्यांनी काय पाहावे? तज्ज्ञ दोन साधे प्रश्न विचारतात. "लावायची रक्कम वाढवत न्यावी असे तुम्हाला कधी वाटले आहे का?" आणि "किती खेळलात याबद्दल घरच्यांशी कधी खोटे बोलावे लागले का?" दोहोंपैकी एकाचे उत्तर होय आले, तरी डॉक्टरांशी बोलावे. समुपदेशन आणि वर्तनोपचाराने पुष्कळ रुग्ण सावरतात. काहींना नालट्रेक्झोन हे औषध उपयोगी पडते, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. घरचे लोक बहुधा पहिली चूक करतात ती दागिने मोडून सारे कर्ज एकदम फेडण्याची. त्याने रुग्णाला नवा डाव मांडायला मोकळीक मिळते. कर्जाचा पूर्ण हिशेब कागदावर घ्यावा, हप्ते बांधून घ्यावेत आणि पगार, पासबुक व कार्ड काही काळ पत्नीकडे किंवा वडिलांकडे ठेवावे. "मी गेलो तर सगळ्यांची सुटका होईल" असे बोलणे निघाले तर त्या माणसाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट फारशी ठाऊक नसते. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गोळ्यांनी काही रुग्णांत जुगाराची ओढ नव्यानेच उत्पन्न होते. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेले आजोबा या गोळ्या सुरू झाल्यावर लॉटरीची तिकिटे घेऊ लागले, तर त्यांना रागावू नका. गोळी आपल्या मनाने बंदही करू नका, ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना ही गोष्ट लगेच सांगा.