उन्हाळा, उष्माघात आणि घरातील श्वान: आधी थंडावा, मग दवाखाना

संयुक्त अरब अमिरातीत दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत कामगारांकडून भर उन्हात काम करून घेण्यास मनाई आहे. हा नियम माणसांपुरता. घरातील कुत्र्याला बाहेर केव्हा न्यायचे आणि त्याला त्रास होऊ लागल्यास काय करायचे, हे त्याच्या पालकालाच ठरवावे लागते. म्हणूनच आखाती देशांत श्वान पाळणाऱ्या मराठी कुटुंबांनी उन्हाळ्यातील आजारांची ओळख करून घ्यायला हवी. त्यांतील सर्वांत घातक आजार उष्माघाताचा. त्यात प्राण्याचा जीव वाचणे हे पुष्कळदा दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच्या काही मिनिटांवर अवलंबून असते.

आर्द्रतेचा धोका

माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो पंजांच्या तळव्यांवर, तोही अल्पसा येतो. शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी तो मुख्यतः धापा टाकतो. जीभ व श्वसनमार्गातील ओलावा वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच दमटपणा असेल, तर ही वाफ होण्याची क्रिया मंदावते. आखातातील किनारी शहरांत सूर्यास्तानंतरही हवा दमट असते आणि दिवसभर तापलेला डांबरी रस्ता लवकर निवत नाही. त्यामुळे संध्याकाळचा फेरफटका वाटतो तितका सुरक्षित नसतो. पहाटेची वेळ त्याहून बरी. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. ती टेकवणे असह्य झाले, तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे तळवेही भाजतील.

पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या तोंडाच्या जातींचा श्वसनमार्ग अरुंद असतो. त्यांना, तसेच लठ्ठ, वृद्ध किंवा हृदयविकार असलेल्या श्वानांना धोका अधिक संभवतो.

लक्षणे कशी ओळखावीत

सावलीत आणून विसावा दिल्यानंतरही धाप न थांबणे, घट्ट चिकट लाळ गळणे, हिरड्या लालभडक होणे ही प्रारंभीची लक्षणे होत. पुढे झोकांड्या जातात, उलट्या किंवा रक्तमिश्रित जुलाब होतात, हाकेला प्रतिसाद मिळत नाही. अखेर झटके येतात किंवा शुद्ध हरपते. कुत्र्याचे शारीरिक तापमान सामान्यतः ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याहून अधिक असते. त्यामुळे हात लावून अंदाज बांधता येत नाही. गुदद्वारातून मोजलेले तापमानच विश्वसनीय असते. मात्र लक्षणे स्पष्ट असतील, तर थर्मामीटर शोधण्यात वेळ दवडू नये.

पहिली काही मिनिटे

घाबरलेला पालक कुत्र्याला उचलून थेट गाडीकडे धावतो. पशुवैद्यकतज्ज्ञांचा सल्ला याच्या उलट आहे: आधी थंडावा, मग प्रवास. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधील २०१६ ते २०१८ या काळातील नोंदी तपासल्या. थंडावा देण्याविषयी माहिती उपलब्ध असलेल्या श्वानांपैकी जेमतेम पाचांतील एकालाच प्रवासापूर्वी थंडावा मिळाला होता.

कुत्र्याला सावलीत किंवा वातानुकूलित जागेत आणावे. त्याच्या अंगावर नळाचे पाणी सतत ओतावे आणि पंख्याचा झोत सोडावा. मात्र उन्हाळ्यात येथील नळालाही गरम पाणी येते, म्हणून ओतण्यापूर्वी ते हाताने तपासावे. एरवी निरोगी असलेल्या तरुण कुत्र्याला, डोके वर धरून, थंड पाण्यात बसवता येते. थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून उष्णता आत कोंडते, ही जुनी समजूत आजचे मार्गदर्शन ग्राह्य धरत नाही. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये. थोड्या वेळात तोच तापतो आणि उष्णता अडवतो. शुद्धीत असल्यास पाणी पुढे ठेवावे, पण तोंडात जबरदस्तीने ओतू नये. त्यानंतर गाडीचा एसी सुरू ठेवून दवाखाना गाठावा. कुत्रा सावरलेला दिसला, तरी तपासणी टाळू नये. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची प्रक्रिया यांवरील दुष्परिणाम काही तासांनीही प्रकट होतात.

तापाची गोळी देऊ नये

उष्माघात म्हणजे ताप नव्हे. तापात मेंदूच शरीराचे तापमान वाढवतो. उष्माघातात बाहेर न पडलेली उष्णता साठत जाते. म्हणून तापाच्या गोळ्यांचा येथे उपयोग नाही. उलट माणसांसाठीचे पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला, तर आयबुप्रोफेन जठराला आणि मूत्रपिंडांना इजा करू शकते.

प्रत्येक मरगळ उन्हाची नसते

कुत्रा सुस्तावला, जेवेनासा झाला, की ‘ऊन बाधले’ असा निष्कर्ष काढला जातो. हिरड्या लाल नसून फिकट असतील, नाकातून रक्त येत असेल किंवा पोटाच्या त्वचेवर बारीक लाल ठिपके दिसत असतील, तर गोचीडताप असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. तपकिरी गोचीड घरातच, भिंतींच्या फटींत वाढू शकते. वातानुकूलित सदनिकाही तिला वर्ज्य नाही. कान, मान आणि बोटांमधील जागा रोज तपासाव्यात. रक्तचाचणीने निदान होते आणि वेळेवर उपचार मिळाल्यास श्वान बहुधा बरा होतो.

दुसरे कारण स्वयंपाकघरात असते. गणेशोत्सव येतो तेव्हा येथील उन्हाळा सरलेला नसतो. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि किती बेदाणे सुरक्षित याचे खात्रीचे प्रमाण नाही. कांदा-लसणाने रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. असे काही खाल्ल्याचे कळताच उलटीची वाट न पाहता, खाल्ल्याची वेळ आणि अंदाजे प्रमाण डॉक्टरांना कळवावे.

कुत्रा निरोगी असतानाच त्याच्या हिरड्यांचा रंग पाहून ठेवावा आणि झोपेत तो मिनिटाला किती श्वास घेतो, ते मोजून ठेवावे. हा आकडा सामान्यतः तीसच्या आत असतो. तो सातत्याने वाढलेला आढळल्यास पशुवैद्यांना दाखवावे. चोवीस तास सुरू असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा क्रमांक मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवावा. कुत्र्यावर पाणी ओतणारे हात तेव्हा क्रमांक शोधायला मोकळे नसतात.