पिशवी काढली, पित्त राहिले

सुरतेत उधना-लिंबायतच्या मराठी घरांत पित्ताशयाचे ऑपरेशन निघाले की दोन शंका हमखास येतात: पिशवी काढल्यावर पित्त कुठून येणार? आणि सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी, म्हणजे उपचार अर्धवट तर नाहीत?

पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय ते फक्त साठवते. गच्चीवरची टाकी काढली तरी पाणी थेट नळाला येत राहते, तसे पित्त थेट आतड्यात उतरते. खडे मात्र पिशवीत होतात, म्हणून ती खड्यांसकट काढतात.

लॅपरोस्कोपीत (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत) पोटात कार्बन डायऑक्साइड भरून लहान छिद्रांतून काम होते. भारतात हे ऑपरेशन १९९० मध्ये डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्रथम केले. जखमा लहान असल्याने निवडक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. त्याआधी वेदना, उलटी आणि रक्तातला प्राणवायू तपासतात.

मात्र ‘घरी’ म्हणजे रुग्णालयाजवळ. त्याच रात्री नंदुरबारची गाडी पकडू नये. ताप, कावीळ किंवा वाढती पोटदुखी दिसल्यास लगेच परत यावे.