भोपळ्याचे गाव कोणते?

नागपूरहून पुण्यात आलेल्या माणसाने मंडईत ‘अर्धा किलो कोहळं’ मागितले, तर बहुधा त्याच्या पिशवीत आतून पांढराफटक असलेला कोहळा पडतो. त्याला हवा असतो केशरी गराचा लाल भोपळा. त्यालाच खानदेशातला माणूस ‘गंगाफळ’ म्हणेल आणि नगरकडचा ‘डांगर’. पण कोकणात डांगर मागावे तर समोर येते ते उडदाच्या पिठात दही-कांदा कालवून केलेले तोंडीलावणे. गुजरातेत तर डांगर म्हणजे भाताचे पीक. गोव्यात लाल भोपळ्यालाच ‘दुदी’ म्हणतात आणि आपल्या दुधीला ‘कोंकण दुदी’. दिल्लीला गेलेल्या मराठी पाहुण्याची फजिती याहून मोठी. तिथे ‘सीताफल’ मागितले की भोपळ्याची फोड मिळते. आपले सीताफळ हवे असेल, तर ‘शरीफा’ म्हणावे लागते.

प्रत्येकाला वाटते, आपलाच शब्द खरा. बाकीच्यांना भाजीतले काही कळत नाही. ही थट्टा घरोघरी चालते, विशेषतः सून एका भागातली आणि सासर दुसऱ्या भागातले असेल तर. पण या घोळामागे एक जुनी हकीकत आहे.

आपल्याकडे भोपळवर्गातली दोन फळे फार जुनी. एक दुधी, म्हणजे संस्कृतातली अलाबू किंवा तुंबी. त्याच जातीचे कडू फळ वाळवून त्याचा तंबोरा आणि सतार होते. मिरजेच्या कारागिरांकडे पंढरपूरच्या बाजूचे भोपळे येतात, ते हेच. दुसरा कोहळा, म्हणजे कूष्मांड. लाल भोपळा मात्र या दोघांच्या घरातला नव्हे. तो मूळचा अमेरिका खंडातला. 1492 साली कोलंबस तिकडे पोहोचला, 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, आणि पुढच्या काळात मिरची, बटाटा, पेरू यांच्याप्रमाणे हाही पाहुणा समुद्रमार्गे इकडे आला.

नवी वस्तू आली की लोक तिला बहुतेक वेळा जुन्याच खुंटीवर अडकवतात. विदर्भाने या पाहुण्याला कोहळ्याचे नाव दिले. गुजरातीनेही ‘कोळुं’ म्हटले. बंगालीतला ‘कुमडो’ हाही कूष्मांडाचाच वंशज, म्हणजे आपल्या कोहळ्याचा सख्खा भाऊ. देशावर त्याला भोपळा म्हटले आणि रंगाचे विशेषण जोडले. गोव्याने दुधीचे नाव देऊन टाकले आणि मग जुन्या दुधीला ओळखीसाठी ‘कोंकण’ हे विशेषण लावावे लागले. पाहुण्याने यजमानाचे नाव घेतले आणि यजमानालाच आडनाव लावून फिरायची वेळ आली! गंगाफळ आणि उत्तरेतले काशीफळ, सीताफळ ही नावे तर त्याला थेट तीर्थाला नेऊन सोडतात. खरे बोलते ती तमिळ: तिच्यात भोपळ्याला ‘परंगीक्काय’ म्हणतात, म्हणजे फिरंग्यांचे फळ.

नावाबरोबर मानही आला असावा. कोहळा हा पशुबळीच्या जागी द्यायचा. अख्खा भोपळा बाईने चिरू नये, पहिला घाव पुरुषाने घालावा, ही काही घरांतली रीत लाल भोपळ्यालाही लागू होते, ती बहुधा कोहळ्याकडूनच. विळी घेऊन बसलेल्या आज्या शेजारच्या शाळकरी पोराला हाक मारून सुरी टेकवून घेत, तेवढ्याने शास्त्र भागे. पुढे उपासालाही तो चालू लागला. भोपळ्याचे दह्यातले भरीत, शेंगदाण्याचे कूट, वर हिरवी मिरची. यातली तीन फळे अमेरिकेतली, आणि ताट मात्र एकादशीचे!

स्वयंपाकातही प्रत्येक प्रांताने त्याला आपल्या वळणावर नेले. खानदेशात आणि विदर्भात भंडाऱ्याच्या पंगतीला ही भाजी हवीच. त्याचे कारण व्यवहाराचे आहे. जाड सालीमुळे पिकलेला भोपळा कोरड्या जागी महिनोन्महिने टिकतो, एक फळ बऱ्याच पानांना पुरते आणि कांदा-लसणाशिवाय चव येते. फोडणीत मेथीदाणे का, तर भोपळ्याच्या गोडीला कडसर टेकू हवा. विदर्भात कोहळ्याची गोड बोंडे, पुण्या-साताऱ्याकडे घारगे, गोव्यात खतखत्यात मोठाल्या फोडी. घाटावरचा म्हणतो, कोकणातली माणसे भाजीत नारळ घालत नाहीत, नारळात भाजी घालतात. कोकणातला म्हणतो, घाटावर भाजी असते कुठे, नुसता तिखटाचा रस्सा असतो. नागपूरकर दोघांकडे बघून हसतो आणि अजून एक पळी तेल ओततो.

घारग्यांचे प्रमाण विचारले, तर जुन्या बायका म्हणत, ‘मावेल तेवढी कणीक.’ हे उत्तर उडवाउडवीचे नाही. भोपळ्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पाणी. ते फळागणिक कमीजास्त. किसलेला भोपळा गुळात शिजला की त्याच ओलाव्यात पीठ भिजवायचे, वरून पाणी घालायचे नाही. वाटीचे माप तिथे फसते, हाताला कळते.

इतके करूनही भोपळ्याला मान नाही. परीक्षेत भोपळा, फलंदाजाचा भोपळा, भ्रमाचा भोपळा. स्वस्त, मुबलक आणि कोणाच्याही परसात वाढणाऱ्या वस्तूची थट्टा करायला कोणाची परवानगी लागत नाही. पण हीच त्याच्या आपलेपणाची खूण समजावी. परक्याची अशी थट्टा आपण करत नाही.

आज अमेरिकेतल्या मराठी घरांत डब्यातला भोपळ्याचा गर आणून घारगे तळले जातात. म्हणजे हे फळ नवी भाषा शिकून माहेरी परतले. इकडे मात्र उलटी गंमत आहे. मॉलच्या पाटीवर आणि मोबाइलवरच्या यादीत ‘पंपकिन’ किंवा फार तर ‘लाल भोपळा’ एवढेच उरते. गंगाफळ, डांगर, कोहळं हे शब्द कुठल्या कपाटात नव्हे, भाजीवालीशी होणाऱ्या घासाघिशीत टिकले होते. ती घासाघीस थांबली, की शब्दही थांबतील. आणि त्यांच्याबरोबर एका परक्या फळाला घरात घेताना कोणत्या घराने काय विचार केला, याची नोंदही जाईल.

तेव्हा आपला शब्द खरा की शेजाऱ्याचा, हे भांडण मिटवू नये. ते चालू राहण्यातच भाषेचे भले आहे. भाजी मात्र दोघांकडची खावी.